क्रिस्टलचा नऊ नंबर

आमच्या एडमंटनच्या घरात बेसमेंटमधून ‘धप्प’ असा आवाज आला की डॅडी वर टीव्हीचा आवाज वाढवायचे. पाहुणे बसलेले असले तर सांगायचे, “काही नाही, मायलेकी आहेत.” खाली घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी दोन जुन्या गाद्या टाकलेल्या असत, आणि दिवसभर केअर होममध्ये म्हाताऱ्यांना उठवून-बसवून आलेली माझी मम्मी डॅडींची जुनी ट्रॅकपँट घालून तिथे मला पाडत असे. मम्मी, म्हणजे फिलोमिना, लग्नाआधी वसईत आमच्या गावच्या मुलींच्या संघातून कबड्डी खेळायची. डावा कोपरा. कोपऱ्यात गप्प उभं राहायचं, चढाई करणारी आत आली की वाट बघायची, आणि ती परत वळली रे वळली की तिच्या घोट्याला मिठी मारायची. गावच्या सणाला चर्चच्या पटांगणात सामने व्हायचे तेव्हा पोरं मम्मीला ‘खेकडा’ म्हणायची, असं डॅडी मला फार प्रेमाने सांगत. पुढे लग्न झालं, मी झाले, काही वर्षं मस्कत झालं आणि मग हा बर्फ. कबड्डी आपण वसईलाच ठेवून आलो असं मम्मीला वाटत होतं. मी इथल्या हायस्कूलमध्ये रग्बी खेळायला लागले तेव्हा तिला कळलं की ती सामानातून आपल्याबरोबर आलीच आहे. “फॅमिलीत एक गुंड होती, आता दोन झाल्या,” डॅडी म्हणाले.

रग्बी दोन तऱ्हेची असते. एक ‘युनियन’, जी कॅनडात बऱ्याच ठिकाणी खेळतात, आणि दुसरी ‘लीग’, जी तेव्हा आमच्याकडे नवी होती आणि जिच्याबद्दल विचारलं तर दहातले नऊ लोक हॉकीबद्दल बोलायला लागत. लीग तेरा जणींची. जिच्या हातात बॉल तिला धरून पाडायचं. ती उठते, बॉल पायाने मागे सारते, की पुन्हा सुरू. सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्या बाजूला. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की गुण, त्याला ‘ट्राय’ म्हणतात. मम्मी पहिल्यांदा मैदानावर आली, थर्मासमधला चहा पीत अर्धा तास बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही तर कबड्डीच. फक्त दम धरायला नको.” तेव्हापासून ती माझ्या प्रत्येक मॅचला यायची. शिफ्ट असली तर बदलून घ्यायची. आणि रेषेबाहेरून मराठीत ओरडायची. “डावीकडे बघ!”, “सोडू नको!”, “पायात शिर, ॲनी, पायात शिर!” समोरच्या मुलींना त्यातलं ओ की ठो कळत नसे, त्यामुळे आम्ही दोघी खूष. खरं सांगायचं तर तो आवाज माझ्या डोक्यापर्यंत पोचायच्या आधी खांद्यापर्यंत पोचायचा. ‘पायात शिर’ हे ऐकलं की मी खाली गेलेलीच असायचे. बेसमेंटमध्ये तीन हिवाळे आम्ही तेवढंच तर केलं होतं.

आमच्या अल्बर्टा प्रांताचा पुरुषांचा लीगचा संघ तेव्हा काही वर्षांपासून शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाशी, म्हणजे बी.सी.शी, दरवर्षी खेळत होता. बायकांच्या वाट्याला त्यात संत्री कापणं आणि पाण्याच्या बाटल्या धावत नेणं आलं होतं. ते एके वर्षी संपलं, आणि ते संपवलं क्रिस्टलने. क्रिस्टल टायरच्या दुकानात काम करायची. तिशी ओलांडलेली, केस मागे घट्ट बांधलेले, हात नेहमी काळे. हिवाळ्याच्या तोंडावर सगळं शहर विंटर टायर लावून घ्यायला तिच्या दुकानाबाहेर रांगेत उभं असतं, तेव्हा ती गाड्या जॅकवर चढवता चढवता आमच्याशी स्पीकरवर बोलत असे. कॅलगरीला, रेड डिअरला, लेथब्रिजला स्वतःची गाडी काढून ती क्लबाक्लबात गेली आणि युनियन खेळणाऱ्या मुलींना म्हणाली, सीझन संपल्यावर तीन आठवडे मला द्या. कॅलगरी आणि एडमंटन म्हणजे साप-मुंगूस. त्यांना एका संघात बसवायचं म्हणजे दोन जावांना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावण्यातला प्रकार. पण तिने ते केलं. पुरुषांच्या संघाने जुने शर्ट दिले, ते आमच्या मांड्यांपर्यंत येत. त्यातला नऊ नंबर क्रिस्टलने पहिल्याच दिवशी धुऊन बाजूला काढला. नऊ म्हणजे हुकर. प्रत्येक वेळी बॉल आधी तिच्या हातात येतो. प्रांताकडून एकदा तरी खेळायचं, हे तिने बावीस-तेवीस वर्षांची असल्यापासून मनात धरलं होतं, आणि खेळायला संघच नव्हता म्हणून तो तिने उभा केला होता. दुसरी हुकर मी. माझ्याकडे सतरा नंबर, म्हणजे बाकावर.

एडमंटनच्या मुलींची मीटिंग बहुतेक रविवारी आमच्याकडे असे, कारण मम्मी जेवायला घालायची. संध्याकाळी आमच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती चुकवून कोणाला काही मिळणार नाही, हा मम्मीचा नियम टायरच्या दुकानातल्या बाईलाही लागू होता. त्यामुळे क्रिस्टल, जी आयुष्यात बहुधा लग्नाशिवाय चर्चमध्ये गेली नसेल, ती आमच्या सोफ्यावर हात मांडीवर ठेवून पूर्ण रोझरी बसून काढायची. मराठीतले ‘नमो मारिया’ ऐकता ऐकता तिची नजर किचनकडे असे. मग फुगे यायचे. आंबवलेल्या पिठाचे, टम्म तळलेले फुगे, आणि त्यांच्याबरोबर आंबट-तिखट पोर्क इंदेल. क्रिस्टल फुगा फोडायची, आतली वाफ चेहऱ्यावर घ्यायची आणि म्हणायची, “आन्टी, मला दत्तक घ्या.” मम्मी म्हणायची, “यू ईट फर्स्ट.” क्रिस्टलला स्वतःची आई होती की नव्हती, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता मला त्याची लाज वाटते; इतके रविवार ती आमच्या घरी जेवली आणि आम्ही फक्त वाढत राहिलो. बेसमेंटमधल्या गाद्यांवरही मम्मीने तिला उतरवलं होतं. घोटा कसा धरायचा, गाल मांडीला कसा चिकटवायचा, म्हणजे लाथ लागत नाही. क्रिस्टल म्हणायची, कोचपेक्षा आन्टी बरी.

निवड-सामना ऑगस्टच्या शेवटी होता. त्या उन्हाळ्यात बी.सी.तले वणवे पेटलेले होते आणि त्यांचा धूर डोंगर ओलांडून आमच्यावर येऊन बसला होता. सूर्य तांबड्या बटणासारखा दिसायचा. आपापसातच दोन बाजू केल्या होत्या. क्रिस्टल तिकडे, मी इकडे. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या रेषेजवळ क्रिस्टलने बॉल उचलला आणि स्वतःच घुसली. आमच्यातल्या दोघींनी तिला वरून धरलं, एकीने एका बाजूने, दुसरीने दुसऱ्या. ती उभीच होती, आणि दोघींना ओढत इंच इंच पुढे सरकत होती. रेफरीने शिट्टी तोंडाशी नेली होती. लीगमध्ये अशा दोघींनी उभ्या धरलेल्या बाईच्या पायात तिसरीने शिरायचं नसतं. गुडघ्याला वळायला जागाच नसते. कबड्डीत याच्या बरोबर उलट. वरून साखळीने धरलेली चढाईवाली रेषेकडे ओढत निघाली, की कोपऱ्याने तिचे पाय घ्यायचेच, नाहीतर ती हात लांबवून रेषा गाठते आणि सगळ्या बाद. हे मम्मीच्या हाडामासात होतं. ती ओरडली, “पायात शिर, ॲनी!” आणि मी शिरले. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. क्रिस्टल किंचाळली नाही. ती फक्त म्हणाली, “नो. नो, नो, नो,” जसं काही कोणी तिच्या हातातलं काही काढून घेतंय. मी अजून तिच्या पायाला मिठी मारून पडले होते.

कोणी मला दोष दिला नाही. कोच म्हणाला, होतं असं. रेफरीने पेनल्टी दिली, तीही जरा संकोचूनच. घरी आल्यावर डॅडींनी विचारलं, कसं झालं, तर मम्मी अंगातलं जॅकेट न काढता जिन्यावर बसली आणि म्हणाली, “मी त्या पोरीचा गुडघा मोडला.”

डॅडी म्हणाले, “फिलो, असं काय बोलतेस? तू काय मुद्दाम ओरडलीस?”

“मुद्दामच ओरडले. रोज ओरडते तशीच. मला दिसत होतं ती कोण आहे ते. माझ्या घरी जेवणारी पोर, आणि मला फक्त रेषा दिसली.”

क्रिस्टलला गुडघ्याला पट्टे आणि दोन कुबड्या मिळाल्या. एम.आर.आय.साठी नंबर लागला होता, पण तो कधी येईल हे देवालाच ठाऊक, आणि त्यापुढे ऑपरेशनची आणखी रांग. दुकानाने तिला काउंटरवर बसवलं. विंटर टायरचा सीझन तोंडावर, आणि ही स्टुलावर बसून फोन उचलणार. नऊ नंबर मला मिळणार हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. शाळेतल्या मैत्रिणींनी मेसेज केले, काँग्रॅट्स. मला मनातून आनंद झाला होता का? झाला होता. तो दाबायला मी गरम पाण्याखाली खूप वेळ उभी राहिले, आणि तो काही गेला नाही. आपल्या माणसाचं नुकसान झालं आणि त्यातून आपलं भलं झालं, तर त्या भल्याचं तोंड कुठे लपवायचं, हे मला अजूनही कळलेलं नाही. मम्मी शनिवारी कन्फेशनला, फादरपुढे पाप कबूल करायला, गेली. आमचे फादर फिलिपिनो, फार गोड माणूस. त्यांनी सांगितलं की खेळात झालेली दुखापत हे पाप नव्हे, मन शांत ठेव. मम्मी परत आली ती चिडूनच. “फादर कधी कबड्डी खेळलेत का?” ती म्हणाली. “ज्यांचं मोडलं नाही ते कसे माफ करणार? चल, तिच्याकडे जाऊ. माझं इंग्लिश पुरायचं नाही. मी बोलेन ते जसंच्या तसं सांग. गोड करू नको.”

निघताना मी फ्रिजमधला इंदेलचा डबा काढला, तर तिने तो परत आत ठेवला. माझ्या आठवणीत मम्मी कोणाच्याही घरी रिकाम्या हाताने गेली नव्हती. वसईची बाई मयताला जातानाही काहीतरी झाकून नेते. मी म्हटलं, “मम्मी, असंच जायचं?” ती म्हणाली, “खायला नेलं तर ती माफ करून टाकेल. पोट भरून माफी घ्यायची नाही.” पूर्ण रस्ताभर तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

क्रिस्टल एका घराच्या बेसमेंट स्वीटमध्ये, म्हणजे तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत, राहायची. पायऱ्या उतरून आत गेलो तर ती पाय खुर्चीवर ठेवून बसली होती, आणि टेबलावर संघाचे शर्ट नंबरवार घड्या घालून रचले होते. तिने आधी आमच्या हातांकडे बघितलं. “फुगे नाहीत?” तिने हसून विचारलं. मम्मी बसली नाही. उभ्यानेच बोलायला लागली, आणि मी सांगत गेले. की त्या दिवशी ॲनीला मी सांगितलं. आमच्या भाषेत सांगितलं म्हणून कोणाला कळलं नाही. तुझे पाय घ्यायला सांगितलं. माझ्या खेळात ते बरोबर असतं, तुमच्यात नाही, हे मला ठाऊक होतं, तरी तोंडातून तेच गेलं. ॲनी लहानपणापासून माझं ऐकते, तेव्हा तिने केलं असं समजू नको, मी केलं. मी जसंच्या तसं सांगितलं. मी मध्येच अडले, तर मम्मीने माझ्या पाठीवर बोट टोचलं, की थांबू नको.

वरच्या मजल्यावर कोणाचा तरी ड्रायर फिरत होता. मग क्रिस्टल मला म्हणाली, “मी ऐकलं होतं तिला. ओरडताना. मला तुमचं काय कळतंय? मला वाटलं, आन्टी माझ्यासाठी ओरडत्येय. म्हणून तर मी आणखी जोर लावला.”

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. मम्मीने टेबलाची कड धरली आणि ती खाली बसली, खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

क्रिस्टलने “इट्स ओके” म्हटलं नाही. कॅनडात ते सगळे म्हणतात, पायावर पाय पडला तरी ज्याचा चेंगरला तोच सॉरी म्हणतो. पण तिने ते म्हटलं नाही. ती म्हणाली, “आन्टी, मला खूप राग आलाय. आधी कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, आता कळलं. तो बरेच दिवस राहील.” मम्मीने मान हलवली, “यस, यस.” “आणि मॅचला यायचं. नाही आलात तर आणखी राग येईल.” मग तिने गठ्ठ्यातून नऊ नंबर ओढून काढला आणि माझ्या अंगावर टाकला. “माझ्याकडे एकच हुकर उरल्येय,” ती म्हणाली. शर्टाला तिच्या साबणाचा वास होता. मी तो घरी गेल्यावर पुन्हा धुतला नाही. धुवायची हिंमत झाली नाही.

मॅच सप्टेंबरमध्ये, आमच्याच शहरात झाली, रिफायनरीच्या बाजूच्या मैदानावर. धूर गेला होता, आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि हवा अशी की श्वास दिसावा. अल्बर्टाच्या बायकांचा संघ पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा बघायला होते कोण, तर घरचे लोक, पुरुषांच्या संघातले काहीजण, जे या खेपेला मुकाट्याने संत्री कापत होते, आणि दोन कुत्री. कप्तान म्हणून नाव क्रिस्टलचंच लावलं होतं. ती रेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर, पाय पुढे, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर मम्मी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी खेळले, आणि बरी खेळले. हे लिहिताना हात अडखळतो, पण त्या दुपारी मला फार मजा आली. कॅलगरीच्या मुली ‘ॲनी, ॲनी’ करत माझ्याकडून बॉल मागत होत्या. शेवटाला आम्ही थोडक्यात पुढे होतो, आणि बी.सी.ची एक धिप्पाड पोरगी बॉल घेऊन आमच्या रेषेवर आली. आमच्यातल्या दोघींनी तिला वरून धरलं. ती उभीच. ओढत, ओढत, इंच इंच. तिसरी मी होते, तिच्या पायांपासून हातभर लांब. वर हात घालून तिला मागे रेटायचं, बॉल अडकवायचा, हे मला येत होतं, नियमात बसत होतं. पण मी थांबले होते. मी कशाची वाट बघत होते, ते मला तेव्हाच कळलं. रेषेबाहेरून काही आलं नाही. क्रिस्टल खुर्चीवरून अर्धी उठून इंग्लिशमध्ये किंचाळत होती, “अप टॉप, ॲनी! गो अप टॉप!” आणि तिच्या शेजारी मम्मीने लोकरीचे हातमोजे घातलेले दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरले होते. ती पोरगी दोघींना घेऊन रेषेपलीकडे पडली.

आम्ही त्या एका ट्रायवर हरलो. ती पोरगी उठली, गुडघ्यावरचा चिखल झटकला आणि उड्या मारत आपल्या मैत्रिणींकडे धावली, आणि मी बघितलं की मम्मी शेवटपर्यंत तिच्या पायांकडेच बघत होती. पुढे प्रांताचा संघ आणखी काही वर्षं झाला, कधी मुली पुरल्या, कधी नाही पुरल्या. क्रिस्टलचं ऑपरेशन पुढच्या वसंतात झालं. गुडघा चालायला लागला, टायर उचलायला लागला, पण बाजूला वळायला तो कधीच तयार झाला नाही, आणि ती अल्बर्टाकडून एकही सामना खेळली नाही. तिच्यावाचून हा संघच नव्हता. हे वाक्य मी कितीही वेळा, कितीही लोकांना सांगितलं तरी त्याने तिला काही मिळत नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. लीगमध्ये सामना संपला की दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर जाऊन हात मिळवतात, आणि पुढे कप्तान असते. क्रिस्टल उठली. पहिल्याच पावलाला तिची कुबडी ओल्या गवतात रुतली, दुसऱ्या पावलाला दुसरी. तिने त्या दोन्ही रागाने खाली टाकल्या आणि एका पायावर उभी राहिली. हरल्यामुळे ती रडत होती. कोणी पुढे व्हायच्या आत मम्मी तिच्या काखेखाली शिरली. एक हात तिच्या पाठीमागून कमरेला, तिचा हात आपल्या मानेवर, जशी ती रोज माणसं उचलायची. क्रिस्टलने तिच्याकडे बघितलंही नाही.

“आय ॲम स्टिल मॅड ॲट यू, आन्टी,” ती म्हणाली.

“यस, यस,” मम्मी म्हणाली. “होल्ड टाइट.”

आणि तिने धरलं. सगळं वजन टाकून धरलं, मम्मीचा खांदा एका बाजूला खाली गेला इतकं. तशा त्या दोघी अख्खं मैदान ओलांडून गेल्या, मध्ये एकदाही न थांबता, आणि त्यांच्या मागून, तिच्या नंबरचा शर्ट अंगात घालून, तिच्या दोन्ही कुबड्या हातात घेऊन मी चालत होते.